लिफ्टचा जुना कोड

दातांच्या दवाखान्यात सहा खुर्च्या, दोन सुजलेले गाल आणि एक लॅपटॉप होता. त्यातल्या एका गालावर हात दाबून मॅडम ऑफिसातल्या लॅपटॉपवाल्या ज्युनियरला झापत होत्या.

“लिफ्टच्या प्रोग्रॅमचा जुना कोड पुसलास?”

“वाचत बसलो, मॅडम. निवृत्त झालेल्या बाईंनी असा लिहिलाय, की एक शब्द हलवता येत नाही.”

“कोड आहे तो, कादंबरी नाही.”

“ही टीप ऐका. ‘ही ओळ काढली की लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. साहेब आत असतील तेव्हाच काढावी.’”

“हसवू नकोस, दाढ ठणकते. आज पुसला नाहीस, तर साहेब तुलाच नारळ देतील.”

“मग तुम्हीच पुसा. फक्त आधी वाचा.”

“दे इकडे.”

डॉक्टरांनी मॅडमना तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा त्या सातशेपैकी दोनशे सहाव्या ओळीवर होत्या.