पुठ्ठ्याचं घुबड

थोरली : आजोबा, हे घुबड नाही. हे आपले शेजारचे वकीलकाका झालेत.

आजोबा : मग चष्मा काढून टाक आणि पुढे चल. तुझ्या आईनं संध्याकाळपर्यंत घुबड मागितलंय, वकील नव्हे.

धाकटा : मला नाही करायचं घुबड! काल कापसाची मेंढी, परवा बाहुली. सगळी पोरं सुट्टीत हुंदडताहेत आणि आम्ही आपले डिंक चाटतोय.

आजोबा : चाटू नकोस, चिकटव.

थोरली : तुम्ही तरी काय करता? कात्री मीच चालवते. तुम्ही नुसता पुठ्ठा धरता, तोही डाव्या हातानं.

आजोबा : मी देखरेख करतो. जन्मभर लोकांचे सदरे बेतले, आता कात्रीचा कंटाळा आलाय.

धाकटा : कंटाळा नाही काही, तुमचा उजवा हात झोपलाय. दवाखान्यातून आल्यापासून.

थोरली : ए! आईनं काय सांगितलंय?

धाकटा : हाताचं नाव काढायचं नाही.

आजोबा : असं? आणखी काय काय सांगितलंय आईनं?

थोरली : काही नाही.

आजोबा : बाळराव, डब्यातलं शेवटचं चॉकलेट कुणाला हवंय?

धाकटा : मला! आई म्हणाली, आजोबा व्यायाम करत नाहीत, डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून फेकला. तुम्ही दोघं हट्ट करून त्यांना कात्रीकामाला बसवा, म्हणजे हात हलेल.

थोरली : शी! एका चॉकलेटवर फितूर झालास!

आजोबा : अस्सं आहे तर. आता मला काय म्हणाली ते ऐका. ‘बाबा, पोरं मोबाईलला गोचिडासारखी चिकटलीत. तुम्ही हौस दाखवलीत तरच बसतील हस्तकलेला.’

थोरली : म्हणजे तुम्हालाही नाही आवडत हे?

आजोबा : मला? त्या मेंढीनं रात्री माझी झोप उडवली.

थोरली : आणि आम्ही तुमच्यासाठी मन मारून बसलो!

आजोबा : मीही तुमच्यासाठीच. माझीच लेक, आणि मलाच टोपी घालते!

धाकटा : मग घुबड रद्द?

आजोबा : रद्द. पत्ते काढ.

(पत्त्यांचे बरेच डाव होतात. आजोबा लबाडी करतात, हे वेगळं सांगायला नको.)

थोरली : आजोबा, खरं सांगा. चेंडू का फेकलात?

आजोबा : उतारी तुझी आहे.

थोरली : सांगा ना.

आजोबा : रोज सकाळी दाबायला जायचो आणि बोटं ऐकायची नाहीत. रोज परीक्षा, रोज नापास. भीती वाटते गं. चेंडूच नसला, तर निदान म्हणता तरी येतं, आज दाबलाच नाही म्हणून.

धाकटा : आई! फाटकापाशी आली!

थोरली : अरे देवा! घुबड कुठंय?

धाकटा : मी बसलोय त्याच्यावर.

आजोबा : ऊठ, ऊठ! गेलं बिचारं. नवा पुठ्ठा आण. बाळराव, तू जिन्यात जा आणि आईला अडव.

धाकटा : काय बोलू तिच्याशी?

आजोबा : गणित शिकव म्हण. धक्क्यानं जागची हलणार नाही. पळ! पोरी, कात्री दे. डोळे तू रंगव.

थोरली : कान राहतील, आजोबा!

आजोबा : घडी घालून कापलं की दोन्ही कान एकदम निघतात. कॉलर अशीच कापायची असते. धर नीट, थोडं फिरव... हा एक पंख. हा दुसरा.

थोरली : दुसरा वाकडा झाला.

आजोबा : म्हातारं घुबड आहे, चालायचंच.

थोरली : आजोबा...

आजोबा : चोच लाल हवी की पिवळी?

थोरली : आजोबा, कात्री कुठल्या हातात आहे बघा ना.

आजोबा : श्श! हळू बोल. त्याला कळलं तर थांबेल.