भाच्याला अडवायचं कोणी?

"हॅलो? हॅलो… हो जी, राइस मिल! मीच, केशोराव… सालेकशाहून ना? टिकाराम भाऊजी? जरा जोरानं बोला जी, इथं गिरणी चालू आहे!"

केशोराव मिलमध्ये कारकून होता, पण मनानं तो चोवीस तास दवनीवाड्याच्या फुटबॉल टीमचा कप्तान. शेठ जेवायला गेले की फोन त्याचाच. टिकाराम हे त्याच्या बहिणीचे यजमान, सालेकशाला तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनशी. रविवारी रेल्वेच्या टीमशी ढालीची फायनल होती आणि केशोरावानं त्यांना घाईची चिठ्ठी धाडली होती.

"चिठ्ठी भेटली ना? मग? बॅकले उभे राहाल का नाही ते सांगा… हो हो, सगळे बरे आहेत. ताई बरी ना?… अहो, ऐका ना, ट्रंक कॉलले तीनच मिनिटं भेटतात!"

"बॅक आहेत जी. उमराव आहे… भिताडच! उंच बॉल आला का डोक्यानं परत. पण वळाले घडीभर लागते… परसराम? तो पळते, पण पुढं गेला का मागं यायचं विसरते… तेच तं! एक थांबणारा, एक धावणारा, अन् दोघायले सांभाळाले डाव्या पायाचा तुमच्यासारखा एक. मंग लाईन बराबर बसते…"

"दुसरं कारण? आता कायले लपवू… दुधराम!"

दुधराम रेल्वेत फायरमन आणि त्यांच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. त्याची आई जमुनाबाई दवनीवाड्याची लेक, म्हणजे तो अख्ख्या गावाचा भाचा. आणि आमच्या भागात तर मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. त्याला पाय लावणं म्हणजे पापच.

"मागल्या साली तुम्ही नव्हते ना? उमरावचा पाय लागला त्याले. अन् हा येडा खेळ सोडून पाया पडाले वाकला!… गेला ना बॉल, पाठीवरून गोलात!… हसू नका जी! अकराच्या अकरा मामा आहेत माह्याकडं. रेफरीची शिट्टी वाजाच्या आधी आमचे हात जोडले जातात…"

"म्हणून तं तुम्ही! ताईचे यजमान, म्हणजे तुम्ही त्याचे मावसे, मामा नाही. तुमच्या पायाले दोष नाही, बिनधास्त घाला… हो ना, दोन साल रेल्वेनं ढाल नेली. यंदा नेली तं कायमची त्यायची, नेमच आहे. अन् मी कप्तान असताना जी! गावात तोंड कोणतं दाखवू?"

हे बोलताना केशोरावाला खरंच भरून आलं.

"अडचण? कोणती?… सोयरीक जुळली? वा वा! कोणाची?… तुमच्या पुतणीची, प्रेमिलाची? चांगलं झालं! पोरगा कोण?… कोण?"

केशोराव मटकन खुर्चीत बसला. खुर्ची शेठची होती, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"दुधराम?… म्हणजे तुम्ही आता त्याचे सासरे… चुलत असले तरी सासरेच ना जी! जवायाले कसे पाडान… नाही, नाही, मी कसं म्हणू… गेली. ढाल गेली."

"अं?… थांबा! ठेवू नका! त्यानं पोरगी पाह्यली?… म्हणजे? मानच वर नाही केली?… चहा धोतरावर सांडवला? पूर्ण कप?… भाऊजी, तुम्ही नका येऊ. पोरीले आणा!"

"मस्करी नाही जी! आमच्या गोलच्या मागं खाट टाकतो, तिथं बसवा. उजवीकडं उमराव, डावीकडं परसराम, अन् मागं प्रेमिला. मान खाली घालून कोणी गोल मारते का?… हाफटाइमले बाजू बदलते, तं खाट बदलू! उमरावले दुसरं काम काय आहे?"

"तिथंच आहे? फोन पाहाले आली? मंग द्या ना… बेटी! अगं नमस्कार कायले, ताईची पुतणी म्हणजे माही भाचीच, मीच पाया पडतो. सगळं ऐकलं ना? येशीन ना खाटेवर?… पण काय?… माग ना! भाचीचा शब्द मामा मोडते का? लग्नात आंदण? पाणी भराले पितळेचा गुंड देतो, गंगाळ देतो… नको? मंग काय… ढाल?"

केशोरावानं टेबलावर अशी थाप मारली की शेठच्या दौतीतली शाई उडाली.

"वा गं माही बेटी! नवऱ्याले हरवून ढाल घेशीन? दिली! जिंकलो का ढाल तुह्या आंदणात. शब्द दिला मामानं!… ओ एक्सचेंजबाबू, कापू नका!… कायले हसून राहिली, बेटी?… अन् मागं भाऊजी कायले हसून राहिले?… आंदण… आंदण तं पोरीसंगं सासरी जाते… अन् सासर तं रेल्वेच्या क्वार्टरात… दुधरामच्या… बेटी? ऐक ना, गंगाळ घे! दोन घे!… हॅलो?… हॅलो?"