नुसता उभा राहतो

—आवं तसं न्हाई मामा, आधी हिकडं सावलीला या, ह्या टेम्पोच्या मागं, अन् त्यो फोन खिशात ठिवा. ठिवा की! पळून चाललोय का मी? नवरा-नवरी जेवायला उठलेत, पंगती उठंपर्यंत गानं बंद हाय, मी कुठं जायलो न्हाई. मला ठावं हाय तुमच्या डोस्क्यात काय चाललंय. परवा तुमच्या संतपुरात माझी माय म्हाळसाबाई तुमच्या दाजीला, रूपाच्या बापाला, वाजीवनारा जावई नको म्हन्तेत म्हनून तोंडावर सांगून आली — आमच्या सिद्धाप्पानं वाजवायचं सोडलंय, कोळारला गोदामात पोती उचलतंय, सांच्याला सरळ घरी येतंय, रूपाला कायबी तरास न्हाई. अन् आज तुमी हितं आळंदला पाव्हने म्हनून आलाव, मान वर करून बगताव तर ष्टेजवर कोन? ह्योच होनारा जावई! लाल कोट, गळ्यात गिटार. मंग तुमाला वाटलं म्हातारी खोटं बोलली. वाटलं का न्हाई? वाटलंच असंल, मला बी वाटलं असतं. पन खोटं न्हाई मामा. आयची आन. मी वाजवत न्हाई.

हसू नका. आधी ऐका. — ए! खरकटं पानी हिकडं नको फेकूस, मानसं बसलेली दिसंनात का तुला? … लोकाला डोळं हायत का बगा. — हां, तर ही वायर बगा. गिटारीतनं निघायली, माझ्या मांडीवरनं खाली जायली, ढोलवाल्याच्या सतरंजीखाली जायली, तुमाला वाटतं तिकडं मशीनला जोडलीय. न्हाई. सतरंजीखाली गुंडाळी करून ठिवलीय. कुठंच जोडलेली न्हाई. पिन तशीच मोकळी. उठा, दावतो, या. … बरं नका उठू, गुडघे दुखत्यात, ऱ्हाऊ द्या, माझ्यावर इस्वास ठिवा. त्यो महेशकुमार हाय न्हवं, कीबोर्डवाला, पार्टी त्याचीच हाय — त्याच्या त्या डब्यात समदं भरलेलं असतंय. ढोल, बासरी, माझी गिटार बी. बटन दाबलं की समदं आपोआप वाजतंय. गानारी पोरगी तेवढी खरी गाती, ती बी अर्धंच.

मंग आमी कामून उभं? आवं, लगीनवाल्याला ष्टेज भरलेला पायजे की! नुसता एक मानूस अन् एक डबा बगितला तर नवरीचा बाप म्हनंल, ही कसली पार्टी? म्हनून आमी. कोट महेशचे, बूट आपले. लग्नाच्या गेटावर त्यो फेटेवाला उभा करतेत का न्हाई, मिशीवाला, हात जोडून — तसंच. त्याला कोन इचारतंय का, बाबा तू कुठल्या राज्याचा शिपाई? न्हाई इचारत. तर मी वाजवायचं सोडलंय, हे खरं हाय. दाजीला तेवढंच सांगा.

काय? हात हलत होते? … व्हय, हलत होते. हात हालवावे लागतेत मामा, मोबाईलवाले समोरच येऊन उभं ऱ्हातेत. … बोटं बी बरोबर पडायली म्हनता? तुमाला काय कळतंय त्यातलं? … भजनात पेटी वाजवायचाव? बरं. मंग तुमाला सांगायला काय हरकत न्हाई. व्हय, बरोबर पडतेत. गानारीचा गळा बसला की महेश बटन दाबून सूर खाली घेतो, तवा मी बी खाली घेतो. कोनी सांगितलं न्हाई, घ्याचं काय कारन न्हाई, ऐकायला कोन न्हाई, मलाच ऐकू येईना — तरी घेतो. चुकलं तर आतनं शिवी येती तोंडात. आता येडा म्हना न्हाईतर काय बी म्हना. सवय हाय. तंबाखूसारखी.

तुमाला ह्ये वाद्य ठावं न्हाई. कोनालाच न्हाई. चारच तारा असत्यात. लोक म्हन्तेत, दोन तुटल्यात का रं? पन्नासदा सांगितलं असंल — बाबांनो, ह्ये चारचंच असतंय, ह्ये बेस गिटार हाय, खालच्या जाड्या सुराची, हे कानाला न्हाई, पोटाला ऐकू येतंय. बिदरला चर्चमधी डेव्हिड मास्तर होते, त्यांनी शिकीवलं. मी मेंढरामागनं उठून गेलेलं पोरगं, चौथी नापास, मला कोन पेटीला हात लावू देनार? त्यांनी दिलं गळ्यात. म्हनले, सिद्धाप्पा, तू वाजीवलास तर कोनी मान वर करून बगनार न्हाई, पन तू थांबलास की समद्यांन्ला कायतरी गेल्यासारखं वाटंल. ह्या एका गोष्टीवर मी माझी जवानी घालवली मामा. ह्या एका गोष्टीवर! टेम्पोत इस्पीकरच्या पेट्या चढवल्या, उतरवल्या, उरुसात धूळ खाल्ली, समद्यात शेवटी जेवलो, गार भात, वरनाचं नुसतं पानी. पोरं येऊन खुट्या पिळून जातेत. दारूडा येतो, माईक मागतो. कोन म्हन्तो, ए गिटार, जरा सरक, फोटूत आडवा यायलास. सरकलो. एकदा एकाला हानली बी, ते सोडा. … न्हाई, मारका न्हाई मी. एकदाच. दोनदा.

अन् मास्तराचं ते बोलनं — ते बी खोटं निघालं. ऐका. हसनार न्हाई म्हना आधी. औरादला लगीन होतं, तवा माझी वायर जोडलेली असायची, महेशनं नवीनच डबा आनला होता, म्हनला दोन्ही मिळून वाजू द्या. भारी चाललेलं. मला वाटलं आज हात लागलाय, आज काय आवाज निघायलाय, पार मंडपाच्या बांबूपर्यंत थरथर. डोळं मिटून वाजीवलो. एक गानं झालं, दुसरं झालं. मंग घाम पुसायला खाली वाकलो अन् बगतो तर — पिन निघून पडलेली. पायाखाली. कवा पडली कुनास ठाऊक. म्हंजी ते समदं डबाच वाजवत होता. लोकाला कळलं न्हाई, ते ऱ्हाऊ द्या, लोकाला काय कळतंय. महेशला कळलं न्हाई. अन् मला, मामा — मला बी कळलं न्हाई. मी थांबलो होतो अन् माझं मलाच कायबी गेल्यासारखं वाटलं न्हाई. महेश हसून हसून खाली बसला. म्हनला, ऱ्हाऊ दे आता, नको जोडू, असंच बरं हाय. तवापासनं असंच हाय.

कामून येतो मंग? … ह्ये बगा, तुमी वकिलावानी नका इचारू. येतो म्हंजी येतो. गोदामात मला कोन नावानं हाक मारत न्हाई. "ए पोतं!" म्हन्तेत. खरंच. उचलनाराला बी पोतंच म्हन्तेत. हितं निदान कोट तरी घालतेत अंगावर.

पन ते सोडतो. तेबी सोडतो, बास. मला रूपा पायजे मामा, सरळ सांगतो, मला वळसे घालून बोलता येत न्हाई. चहाला बसलो होतो आमी तुमच्याकडं, समद्यांनी पगार इचारला, रान इचारलं, बोकडं किती, घर पत्र्याचं का स्लॅबचं. पोरीला म्हनले तू बी इचार कायतरी. तिनं काय इचारलं ठावं हाय का? म्हनली, ते तुमी वाजवायचाव म्हने, ते वाजतं कसं? एवढ्या वर्षात मला कोनी इचारलं न्हाई, वाजतं कसं! तुटल्यात का, किती पैसे घेतोस, उतर खाली — समदं इचारलं, ह्ये न्हाई. मी काय करनार? तोंडानं केलं — डुम्, डुम् — येड्यासारखं, बशी हातात धरून. ती हसली. पन ते हसनं वंगाळ न्हवतं मामा. मला वळखता येतंय. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई. घरी माय म्हन्ती, ही बी सोयरीक मोडली तर मी परत कुनाच्या दारात जानार न्हाई. वय बी निघून चाललंय. तर तुमी फकस्त एवढं सांगा, वाजवत न्हाई.

… काय म्हनलाव? राग न्हाई? मान्य हाय? — लावा, लावा की फोन मंग, आत्ताच लावा. लय उपकार मामा. तुमच्या पाया पडतो. … हां, इस्पीकर करा, मला बी ऐकू द्या दाजी काय म्हन्तेत. … व्हय … व्हय, सांगा … न्हाई न्हाई, बरोबर सांगायलाव तुमी. "नुसता उभा राहतो." व्हय. "वायर कुठंच न्हाई." … "सोंग हाय सोंग, सोंगाड्या हाय आपला पाव्हना" … हां, हसतेत का? हसू द्या, हसले म्हंजी झालं. … परत कामून सांगायलाव? … कुनाला, तिला? तिला कामून सांगायलाव ते? — "रूपे, तुझा नवरा गिटार गळ्यात घालून नुसता उभा राहतो बग, डुम् बी वाजत न्हाई" — आवं मामा. … मामा, बास. ती हसायली का? तीच हाय न्हवं ती? … तीच हाय. हे त्या दिवशीचं हसनं न्हाई.

आना हिकडं त्यो फोन. — आना म्हनलं की! — दाजी, मी सिद्धाप्पा. तुमचा मेव्हना खोटं बोलायलाय. वाजवतो मी. … व्हय, वाजवतो! रोज वाजवतो! सोडलं न्हाई, सोडनार बी न्हाई, माय खोटं बोलली, मी बी खोटं बोललो. … चालत न्हाई? नका चालू देऊ! तिला सांगा— … दाजी? … हॅलो?

… धरा तुमचा फोन. कापला त्यांनी. काय बगायलाव माझ्याकडं? मला ठावं हाय मी काय केलो ते. तुमी नका सांगू मला. … न्हाई, परत लावू नका. काय सांगनार लावून? पोरगं वाजवतंय म्हनून सांगनार? कुठं वाजवतंय म्हनून इचारलं तर काय दावनार त्यांन्ला?

जावा. शेवटची पंगत बसायलीय, भात गार व्हईल. जावा म्हनलं न्हवं!