मोगऱ्याला लावली कात्री

...आन् वरनं बायको म्हनती कशी, "आवं, उपटलासा त्ये गवत न्हाई, माझा गवती चहा हाय!" आता तुमीच सांगा, गवती चहा गवतासारखा दिसत आसंल तर माझा काय दोष? सारी नोकरी मिल्ट्रीत गेली, डोळं झाकून बंदूक खोलून जोडायचो, पर परसात खुरपं घिऊन बसलो की मला सगळं नुसतं हिरवंच दिसतंय!

तुमाला सांगतो, ह्यो उद्योग कशापायी? तर आमची अंजना. श्रावणात न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, सांगलीत आपरेशन झालं. डॉक्टर म्हनलं, "काकी, चाला." वॉकर दिला. पर बाई उंबऱ्याभाईर पाय टाकंना! दिवसभर खिडकीत. म्हनलं, "अगं, परसात तरी चल." तर म्हनती, "काय बघाय येऊ? उकिरडा?" मी म्हनलं, बास! दिवाळी झालीया, आत्ता जमीन तयार करायची, चैताला फुलंच फुलं पायजेत, आन् ही आपल्या पायानं तिथं आली पायजे. हटायचं न्हाई!

पर खर्चाचं काय? आपरेशननं खिसा धुऊन काढल्याला. रोपवाटिकेत गेलो तर पोरगी म्हनली, "सर, मातीचं पाकीट देऊ?" मातीचं पाकीट! आमच्या आष्ट्यात! काळ्या रानात राहून माती इकत घिऊ? तसाच मागं फिरलो.

कोंडीबाच्या गोठ्यावर गेलो. "शेणखत देतोस का रं?" "ने की गड्या, पर पाट्या तूच भर." भरल्या! कंबर गेली. दसऱ्याला दाराला बांधल्याला झेंडू वाळला हुता, त्योच चुरगाळून पेरला. ऊस तुटल्याल्या रानातनं पाचट आणून वाफ्यावर हातरलं. तेलाच्या डब्यांत मागून आणल्याल्या गुलाबाच्या काड्या खोचल्या. आन् खिडकीतनं चालूच... "आवं, वाफा वाकडा झालाय!" "आवं, काडी उलटी लावलीया!" हुती बी उलटी. पर हटायचं न्हाई!

मग आला मोगरा. औंधासनं, तिच्या माहेरातनं आणल्याला. वाढून नुसतं जाळं झाल्यालं, फुलाचा पत्ता न्हाई. आमच्या युनिटातला माळी थंडीत मोगरा छाटायचा, ह्ये मी डोळ्यानं बघितल्यालं. घेतली कात्री... कच् कच् कच्! गुडघ्याएवढा ठिवला. तवर आवाज, "आवं!" पर खिडकीतनं न्हाई, पार पाठीमागनं! वळून बघतो तर अंजना! वॉकर घिऊन, अनवाणी, परसात! "आईनं दिल्याला मोगरा मारलासा तुमी?" डोळ्यांत पानी. मला हसावं का रडावं कळंना, आवं, बायको चालत आली हुती! म्हनलं, "अगं, तू परसात आलीस!" "त्ये ऱ्हाऊ द्या. ह्याला पालवी फुटस्तवर मी बोलनार न्हाई तुमच्यासंगं."

आन् खरंच बोलली न्हाई! पर रोज सकाळी ठक् ठक् वॉकर वाजवत मोगऱ्यापाशी यायची, वाकून बघायची, जायची. मी आपला लांबनं बघतोय... पाय आधी घसटत हुता, मग उचलाय लागला, मग वॉकर जाऊन काठी आली. पर मोगरा मेला आसंल तर? रोज त्याच्यापुढं हात जोडायचो, बाबा, एक तरी कोंब काढ, हटू नगंस! संक्रांत झाली, आन् एक दिवस हाक आली, "आवं... या की हिकडं." बघतो तर काडीला हिरवं टिपूस! तिनं माझा हात धरला.

चैतात आख्खं परस घमघमलं. शेजारची सोनिया गजऱ्याला फुलं न्यायला आली, "काकी, एवढा बहर कसा वो?" तर अंजना म्हनती, "अगं, थंडीत छाटाय लागतोय. ह्यास्नी कुठलं कळतंय, मीच उभं राहून छाटून घेतला!"

मी म्हनलं, "व्हय गं, कात्री तेवढी माझी हुती."

"ती बी माझीच! शिवणाची. पार धार घालवलीसा तिची!"

...निघालोय आता. धार लावून आणतो.