चौदा बरण्या आणि एक पहार

हॅलो?… हां ताई, बोल. लॅबमध्येच आहे… अगं, तुझ्याच प्लॉटच्या माती-तपासणीचा रिपोर्ट टाइप करतेय. सही तेवढी राहिलीय… हो, हो, उद्या सकाळी पाया खणायला मशीन येणार, माहितेय मला. भावोजींनी काल तीनदा सांगितलंय. आज दोनदा.

चांगला आलाय रिपोर्ट! दीड मीटरवर घट्ट मुरूम. नमुने काढायला हातोड्याचे ठोके घालून घालून बोअरवाला दमला म्हणे. एवढा सखल प्लॉट आणि खाली असा मुरूम… मलाच नवल वाटलं. बांधा खुशाल… हो, तुझं किचनसुद्धा, पूर्वेच्या कोपऱ्यात, खिडकीसकट. फक्त रिपोर्ट न्यायला येताना त्या बरण्या घेऊन ये. अगं, मातीचे नमुने! काल माझी गाडी बंद पडली म्हणून तुझ्या ओट्याखाली ठेवून गेले ना, त्या चौदा…

काय केलंस?

…धुतल्यास.

नाही, रागावले नाही. श्वास घेतेय… अगं ऐक ना… 'आत नुसती माती होती' म्हणजे काय! मातीच भरली होती त्यांत! मातीच्या नमुन्यात माती असते, ताई, तोच त्याचा मुख्य गुण… हो, घाण दिसत असतील… हो, वासही असेल… गरम पाण्याने? दोनदा? मग प्रश्नच मिटला.

आणि आता काय आहे त्यांच्यात?… साखर. बरं… मीठ… भावोजींच्या गोळ्या… म्हणजे बरणीवर चिठ्ठी 'बोअर दोन, खोली तीन मीटर, पिवळसर मुरूम', आणि आत साखर? नको, चिठ्ठी काढू नकोस. चहा करताना तेवढीच बहिणीची आठवण… हो गं, झाकणं घट्टच असतात. उगाच नाही घेतल्या.

बरं, आता ऐक. नमुन्यांशिवाय सही नाही करता येत मला… बहीण असलीस तरी. उद्या अजून एक बोअर मारू. त्याच खुंटीशेजारी, किचनच्या कोपऱ्यात. अर्ध्या दिवसाचं काम…

कुठली खुंटी म्हणजे? मीच ठोकलीय, लाल फडकं बांधलेली… 'तुझी की ह्यांची' म्हणजे काय गं?

ताई. हळू बोल. पहिल्यापासून सांग.

…बोअरचं मशीन रुतत होतं. कुठे?… किचनच्या कोपऱ्यात. मग?… मग भावोजींनी खुंट्या उपटल्या आणि रस्त्याकडच्या उंचवट्यावर ठोकल्या. तिन्ही? वा… हो गं, माणसांचे पाय चिखलात जात होते, कळलं… कळलं, त्यांचा जीव हळवा आहे. आणि बोअरवाला काही बोलला नाही?… दोनदा चहा पाजलात. कशाला बोलेल!

चूक माझीही आहे. मी खुंट्या ठोकल्या आणि दुसऱ्या साइटवर गेले. पण ताई, जिथे मशीन रुततं तिथलीच जमीन तपासायची असते गं! एक दात दुखतोय, डॉक्टरला दुसराच दाखवायचा आणि पेढे वाटायचे, तसलं झालं हे!

काय म्हणतायत मागून?… 'जमीन सगळी सारखीच असते'? अस्सं? तुम्ही आत्ता आहात कुठे?… प्लॉटवरच? उद्याच्या खोदाईची दोरी लावताय? उत्तम. पहार आहे जवळ?… नवी आणलीय? अजून उत्तम. भावोजींना सांग, किचनच्या कोपऱ्यात ती उभी धरायची. ठोकायची नाही. नुसती टेकवायची आणि थोडा भार द्यायचा. ठोके घालावे लागले तर जमीन चांगली. नाही लागले, तर फोनवर मी आहेच.

…टेकवली?

…गेली? किती?… अर्धी? आणि अजून जातेय? सोडायला सांग… सोडा म्हणावं पहार!… नवी आहे म्हणून सोडत नाहीत? ताई, ओढ त्यांना मागे…

आता कुठपर्यंत?… पहार नाही गं, भावोजी.

गुडघ्यापर्यंत. थांब, लिहून घेते. वजन काय त्यांचं?… ब्याऐंशी किलो, खोली गुडघाभर, ठोके शून्य. चप्पल? चप्पल आता माझ्या खात्याकडे आली, तिचा नाद सोड. कुठला पाय?… दोन्ही. छान. सरासरी काढता येईल.

हसतेस की रडतेस?… अगं वेडाबाई, घर होणार. तिथेच होणार. पाया खोल न्यावा लागेल, मऊ चिखल ओलांडून पार खालच्या घट्ट थरापर्यंत. तो किती खाली आहे ते खरा बोअर सांगेल. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर स्वयंपाक केलास, अजून तीन-चार महिने काढ. आणि एक सांगू? तू बरण्या घासल्या नसत्यास तर एव्हाना मी सही करून मोकळी झाले असते. दोन वर्षांत तुझी खिडकी जमिनीला लागली असती. बसल्या बसल्या बेडूक मोजले असतेस… हो, साखर राहू दे. बक्षीस समज.

दे त्यांना फोन. दे गं… हॅलो भावोजी, नमस्कार. कसे आहात?… हो, ते ऐकलं. हलू नका, जास्त जाल… खुंट्या परत जागेवर? स्वतः ठोकून देणार? असं म्हणता? लागणार नाहीत हो ठोके, नुसत्या ठेवल्या तरी चालतील… काय? उद्याचं खोदाईचं मशीन रद्द करतो म्हणता?

छे छे, रद्द कशाला? आजच बोलवा. तुम्हाला वर काढायला लागेल ना ते!

…हॅलो?… भावोजी, असे हातवारे करू नका, फोन सांभाळा… हॅलो?… हॅलो?

फोनही गेला. एक ठोकाही न घालता.