बायकोच्या उजव्या कानात किती टक्के

नाही, तुम्हीच सांगा, बायकोच्या उजव्या कानात आत्ता किती टक्के शिल्लक आहेत हे नवऱ्याला कशासाठी कळायला हवं? मी मागितलं होतं? अर्ज केला होता? चौतीस वर्षं कचेरीत काढली, हक्काची माहिती मागायला तीन-तीन अर्ज करावे लागायचे आणि तरी मिळायची नाही, आणि इथे न मागता, खिशात, अष्टौप्रहर... डावा बासष्ट, उजवा अठ्ठावन्न. फोन उघडला की समोर दोन छोटे कान, खाली हिरवी पट्टी, पट्टीशेजारी आकडा. आता आकडा दिसला की माणूस बघणारच ना?

तुम्हाला सांगतो, आमच्या हिला ऐकू येणं कमी झालं त्याला दोन वर्षं झाली. हळूहळू गेलं. आधी चालू राहिलेला नळ ऐकू येईना, मग दाराची बेल, मग मी. खरा क्रम उलटा होता असा माझा संशय आहे, पण ते जाऊ दे. आमची लेक असते परगावी. रोज संध्याकाळी तिचा फोन. तो मी घ्यायचो, तिचं सगळं ऐकायचो आणि मग हिला जवळ जाऊन, मोठ्याने, थोडक्यात सांगायचो. टिपण काढून द्यायचो म्हणा ना. चाळीस पानांच्या फाईलचं अर्ध्या पानात टिपण, या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. लेक अर्धा तास बोलायची, मी हिला सांगायचो, "सगळे बरे आहेत." आता यात खोटं काय? सगळे बरेच असायचे.

पण एका बाबतीत मात्र... कसं सांगू... टिपणात थोडी गफलत झाली. लेक म्हणत होती, "बाबा, खालची खोली तुमच्यासाठीच ठेवलीय, तुम्ही दोघं कायमचे या इकडे." मी तिला म्हणालो, "मी तर आज निघेन गं, पण तुझी आई तयार होत नाही. तिचा जीव तिच्या कुंड्यांत." आणि हिने विचारलं की सांगायचो, "लेकीकडे रंगकाम चाललंय. संपलं की बोलावते म्हणाली." दोन वर्षं. दोन वर्षांत राजवाडा रंगवून पुन्हा खरवडून झाला असता, पण ही म्हणायची, "आजकाल कामाला माणसं कुठे मिळतात," आणि मी म्हणायचो, "तेच तर."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लेकीने पाठवली ती कानाची मशीनं. वालाच्या दाण्याएवढी दोन. जावई स्वतः घेऊन आले, हिच्या कानात बसवली, हिचा फोन बटणांचा म्हणून ती माझ्या फोनला जोडली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बाबा, आता कुणाचाही फोन आला की आवाज थेट आईंच्या कानात. आणि हे बघा, किती चार्ज उरलाय ते तुम्हाला इथे दिसेल." थेट कानात! मधला माणूसच गेला. माझं पद त्या दिवशी रद्द झालं आणि हातात काय दिलं, तर आकडा. आकडा दिसला की माणूस बघणारच ना?

मग सुरू झालं. सकाळी उठलो की आधी चष्मा, मग फोन, मग डावा-उजवा. अंघोळीला जाताना, आल्यावर, जेवताना घासागणिक. उजवा नेहमी डाव्याच्या चार-पाच टक्के मागे. का? मी विचार करकरून थकलो. शेवटी हिलाच विचारलं, तर म्हणाली, "उजव्या बाजूला तुम्ही बसता."  

आणि संध्याकाळी लेकीचा फोन. मी फोन घेऊन घराबाहेर, हिच्या कानांच्या टप्प्यापलीकडे. "बाबा, आईला द्या ना." "अगं, तिची बॅटरी सहा टक्क्यांवर आहे, मशीन चार्जिंगच्या डबीत ठेवलंय." दुसऱ्या दिवशी आठ टक्के. तिसऱ्या दिवशी डावा बरा आहे पण उजवा चार. एकटा डावा चालत नाही का? "नाही गं, तोल जातो." असे तीन आठवडे काढले. शेवटी लेक म्हणाली, "रविवारी मी स्वतः येते. आईलाच समोर बसवून विचारते ती का येत नाही ते. तेवढी मशीनं चार्ज करून ठेवा." आवाज असा, की वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून तार यावी.

तो होता गुरुवार. म्हणजे रविवारच्या आत हिला खरं सांगणं भाग. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिने माझं बरंच पोटात घातलं, पण लेकीच्या आणि तिच्या मध्ये मी दोन वर्षं भिंत होऊन बसलो, हे? हे ती विसरली नसती. सांगितलं तरी पंचाईत, आणि लेकीच्या तोंडून कळलं तर विचारूच नका.

आता माझं डोकं कसं चालतं बघा. उभी नोकरी मी जावक विभागात काढली. तिथला नियम असा, की कागदावर जावकेचा शिक्का पडला की आपली जबाबदारी संपली. पलीकडच्याने तो वाचला, न वाचला, वहीखाली दाबून ठेवला, आपल्याला त्याचं काही नाही. तसं, मी हिला सांगितलं की सांगितलं. ऐकू आलं की नाही, हा मशीनचा प्रश्न. म्हणजे करायचं इतकंच, की आकडा शून्याला टेकला की सांगून मोकळं व्हायचं.

शुक्रवारी झोपण्याआधी हिने मशीनं डबीत ठेवली आणि मी जाता जाता भिंतीवरचं बटण बंद केलं. चुकून. म्हणजे ठरवून चुकून. शनिवारी सकाळी डावा अडतीस, उजवा चौतीस. लवकर संपावेत म्हणून मी हिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. अग्रलेखासकट. मग रेडिओ लावला. ही म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" दर पाच मिनिटांनी मी फोन बघतोय... वीस, सोळा, अकरा... जेवणं झाली तेव्हा दोन्ही कान दोनवर. आणि इतकं बघून बघून माझ्याच फोनचा जीव कंठाशी आलेला. तोच मला विचारतो, बॅटरी वाचवू का? म्हटलं, वाचव बाबा. आणि जरा आडवा झालो.

उठलो चारला. फोन बघितला, अजून दोनच. तीन तास दोन टक्के? पण म्हटलं असेल, निवृत्तीला दोन महिने उरलेला माणूसही असाच निघता निघत नाही. आणि दोन टक्क्यांत येऊन येऊन काय ऐकू येणार? 'अहो'मधला 'अ'सुद्धा धड पोहोचायचा नाही. तरी खात्री असावी म्हणून हळूच विचारलं, "चहा टाकतेस का?" ही खिडकीशी बसून माझ्या सदऱ्याला गुंडी लावत होती. मान वर केली नाही. झालं, पुरावा मिळाला. या प्रश्नाला मशीन नव्हतं तेव्हा, कान ठणठणीत होते तेव्हासुद्धा कधी उत्तर आलेलं नाही, हे त्या वेळी आठवायला हवं होतं.

बोललो. समोर उभा राहून, हात मागे बांधून, सगळं बोललो. रंगकाम नाही, कधी नव्हतंच. लेक दोन वर्षं बोलावतेय. मीच तिला सांगितलं की आई तयार नाही. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर, ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर, जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो तेही निघालं... म्हटलं, "इथे निदान फोन मी घेतो, तुला काय झालं ते मी सांगतो. तिकडे भरलं घर. तुझ्याशी जो तो थेट बोलेल. सगळ्यांना काही ना काही काम असेल, आणि मी त्या खालच्या खोलीत बसून काय करू? कॅलेंडरची पानं उलटू?"

ही दोरा ओवत होती. गुंडीला चार वेढे दिले, दोरा दातांनी तोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे रंग कुठला दिलाय तेही तुम्हाला सांगता यायचं नाही."

मी फोन बघितला. डावा दोन. उजवा दोन. फोन पुढे करून म्हटलं, "अगं, पण दोनच टक्के..." माणूस बुडताना काडीला धरतो, मी आकड्याला धरलं.

"तुम्ही घोरत होतात तेव्हा तासभर लावून ठेवली होती," ही म्हणाली. "सकाळी बघते तर भिंतीवरचं बटण बंद. घरात माणसं दोन. मी केलं नाही."

आणि फोन? फोनने स्वतःचीच बॅटरी वाचवण्यासाठी हिच्या कानांची चौकशी करणं दुपारीच सोडून दिलं होतं. शेवटचा आकडा तेवढा तसाच दाखवत ठेवला. आमच्या कचेरीत असं करणाऱ्याची बदली व्हायची.

ही सदऱ्याची घडी घालून स्वयंपाकाला लागली. मी फोन चार्जिंगला लावला, तसा आकडा जागा झाला... एक्याण्णव. ऐकणारं यंत्र एक्याण्णव टक्के सज्ज आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. जेवलो, झोपलो, म्हणजे पडलो. आता ही उद्या लेकीसमोर माझं काय करते, एवढंच डोक्यात. आणि दर अर्ध्या तासाने तो आकडा. तरी बघत होतो हो. का बघत होतो, विचारू नका. दिसला की माणूस बघणारच ना?

रविवारी लेक आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "आई, तू का येत नाहीस आमच्याकडे?"

"येते की," ही म्हणाली. "मी कधीची तयार आहे."

"मग बाबा तर म्हणायचे..." लेक माझ्याकडे वळली. मी कुंड्यांकडे बघायला लागलो.

"मला कुठे ऐकू येत होतं तेव्हा?" ही म्हणाली. "माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. हे सांगायचे हो, नीट सांगायचे." आणि 'नीट' म्हणताना माझ्याकडे अशी नजर टाकली, की त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. मग लेकीला म्हणाली, "दोघंही येतो आम्ही. फक्त यांना तिकडे काहीतरी काम दे बाई. रिकामे बसले की भिंतीवरची बटणं बंद करत फिरतात."

तर आलो. आता या घरातली तऱ्हा ऐका. इथे तार म्हणून कशाला नाही. लेकीचे कानातले, जावयांचे कानातले, नातीचे कानातले, तिचं एकाचं कायम हरवलेलं, घड्याळं तीन, कीबोर्ड दोन, माऊस दोन, एक गाणारा डबा आणि आमच्या हिचे दोन कान. लेकीने पहिल्याच आठवड्यात सगळं माझ्या फोनला जोडून दिलं. सकाळपासून हाका... "बाबा, माझ्या माऊसला किती?" "आजोबा, माझा डावा मेला." "बाबा, मीटिंग आहे, घड्याळ?" बाविसाच्या खाली काही गेलं की मी उठतो, सापडेल तिथून उचलतो, लावतो, भरलं की काढतो, ज्याचं त्याला नेऊन देतो. जिन्यावरून दिवसाला किती वेळा वर-खाली, तेही घड्याळ मोजतं, आणि मोजून मोजून त्याची बॅटरी उतरते.

काल अगदी टेकीला आलो. जावयांना म्हटलं, "अहो, हा माऊस तरी तारेचा घ्या. एकदा खुपसला की प्रश्न मिटला."

जावई सरळ माणूस. म्हणाले, "मी घेतही होतो बाबा. आई नको म्हणाल्या."

मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीशी बसून लेकीशी बोलत होती, थेट, दोन्ही कानांनी. मग काय करता... जावयांना म्हटलं, "आणा इकडे तो माऊस."