छापाचं अंगण

न्हाई न्हाई, चपला काढू नगा श्रेणिकभाऊ — सुभेदार घरात न्हाईत, आन् ह्या उन्हात तळवं भाजून निघतील तुमचं. ते आले की मग काढा. टँकर कुठं अडकलाय बघाय गेल्यात, येतील अर्ध्या तासात. तवर तुमी बघून घ्या. ती बघा जागा, लिंबाखाली. भाकरीएवढा ढलपा उडालाय. ते म्हनत्यात तुमी सिमिट कमी घातलं. मी काय म्हननार? दोन वर्सांपूर्वी सांगलीसनं येऊन तुमी हे छापाचं काँक्रीट घातलं, घडीव दगडावानी दिसाय लागलं, निम्मं गाव बघून गेलं — एवढंच मला ठावं. आता जतचं ऊन म्हंजे ऊनच. बेचाळीस डिग्रीला मानूस तडकतोय, तिथं काँक्रीटचं काय घेऊन बसलाय.

निगा? निगा इचारू नगा. एवढी निगा माझी कवा कुनी केली न्हाई. दिस उगवायच्या आत मऊ केरसुनीनं झाडायचं — ते झाडत्यात, मी न्हाई, माझा हात जड हाय म्हनं. आठवड्याला साबनाच्या पान्यानं धुवायचं आन् लगोलग फडक्यानं टिपून घ्यायचं, न्हाईतर टँकरच्या खाऱ्या पान्याचं पांढरं डाग उठत्यात. मोरीत टाकायचं ॲसिड घरात आनायला बंदी, उडालं तर रंग जाईल. वरचा चकचकीत कोट तुमी सांगितल्यापरमानं सकाळच्या गारव्यात, रोलरनं, पातळ मारायचा — दुपारी मारला तर बुडबुडं येत्यात, हे मला आता झोपंत इचारा. आन् ती कडंची बारीक चीर बघितलीसा? तिच्याम्होरं खडूनं तारीख लिवलीया. व्हय, तारीख. दर म्हैन्याला पट्टी लावून बघत्यात, वाढली का. माझं गुडघं दोन वर्सं दुखत्यात, त्याला तारीख न्हाई.

पर हसू नगा. सव्वीस वर्सं फौजेत काढली त्या मानसानं. कुठल्याशा छावनीत सायबाच्या बंगल्याम्होरं असलं अंगन बघितलं आन् मनात धरलं, रिटायर झालो की शालूच्या दारात असंच करायचं — शेन, सारवन, धूळ, समदं सुटंल तिचं. माझ्यासाठीच केलं बघा. मी मागितलं न्हवतं, ही गोष्ट येगळी. आदी सारवलेल्या अंगनात बायका येऊन बसायच्या. शेजारची गंगाक्का, तिची सून क्रांती, वरच्या आळीच्या दोघीतिघी — शेंगा फोडायच्या, सासवांच्या नकला करायच्या. आता फाटकात चपला काढा, तेल सांडू नगा, आन् चपला काढल्या की पाय भाजतोय. कोन येतंय मग? दोन उन्हाळं माझ्या दारात कुनी टेकलं न्हाई. आता — आवं, खरवडताय कशाला? राहू द्या की. काळं? गाडीचं तेल आसंल. काजळी? काजळी कुठनं येतीया हितं... बोट दाखवू नगा मला. दिसतंय.

बसा. हितं पायरीवर, सावलीला. आन् आवाज बारीक करा.

चैतात सुभेदार तीन दिस साताऱ्याला गेले, माजी सैनिकांच्या मेळाव्याला. मी तेच धरून कुरडयांचं गहू भिजत घातलं हुतं, गंगाक्काच्या न्हानीत लपवून. आता चीक काय कुनासाठी थांबत न्हाई, आंबून जातोय. मागं चूल मांडावी तर कडब्याची गंज, आन् वारं ह्ये सुटलेलं. म्हनलं, मांड हितंच. तीन इटा, वर मोठं पातेलं, खाली बाभळीची लाकडं. सात बायका जमल्या. दोन वर्सांनी असा कालवा माझ्या दारात! क्रांती दांडकं फिरवतीया, चीक नुकता चकाकाय लागलाय, आन् खालनं फाटकन — बंदूक उडाल्यावानी. ढलपा उडून गंगाक्काच्या पदरावर. अक्का फाटकाबाहीर, एक बाई लिंबामागं. पर चीक सोडून चालतंय व्हय, गुठळ्या व्हत्यात. मी म्हनलं, फुटू दे, आदी घोटा. आल्या समद्या माघारी. हसून हसून पोटं दुखली. आन् कुरडया अशा पांढऱ्याशिप्पट झाल्या म्हनता, जाताना देती तुमाला.

मग काय, संध्याकाळी घासघास घासलं आन् वर कुंडी ठिवली. सुभेदार आले, पिशवी सुदिक खाली ठिवली न्हाई, म्हनले, ही कुंडी कुनी हलवली? मी तोंड उघडलंच हुतं. पर ते तिथं खाली बसले, आन् वासराच्या जखमंवरनं फिरवावा तसा हात फिरवाय लागले. मग तेच म्हनले, उन्हानं फुटलं, सांगलीवाल्यानं फसवलं. मी म्हनलं, आसंल. मनात म्हनलं, तुमी काय, दोन शिव्या खाशीला आन् इसरशीला.

काय म्हनला? गावातल्या नानासोंच्या मंगल कार्यालयाचं काम? ते तुमालाच दिल्यालं न्हवं? काढून घेतलं... सुभेदारांनी सांगितलं म्हनून? कवा? आन् चार मानसं घिऊन तुमी तवापासनं बसून हायसा?

मला ठावं न्हवतं, श्रेणिकभाऊ. खरंच ठावं न्हवतं.

गाडी आली बघा त्यांची. उठू नगा. तुमी काय बोलू बी नगा.

आवं, हिकडं या. टँकरचं मागनं सांगा, आदी ऐका. ह्या मानसाचा माल चांगला हाय. ढलपा उन्हानं न्हाई उडाला. तुमी साताऱ्याला गेल्ता तवा मी त्यावर चूल पेटवली. कुरडयांसाठी. — व्हय, म्हैनाभर तळून खाताय त्याच. — भ्याले म्हनून सांगितलं न्हाई असं न्हवं. तुमी माझ्यासाठी केलं, आन् मला ते कवाच नगं हुतं. हे कसं सांगायचं? एवढी वर्सं तुमी ते डोस्क्यात घिऊन फिरलासा. मला माती चालत हुती. बायका याय पायजे हुत्या, एवढंच.

खिशात काय चाचपताय? फोन कुनाला लावताय? नानासोंना? मग नीट सांगा. माझ्या बायकूनं केलं म्हनून सांगा, गोल गोल नगं.

ऐकलंसा न्हवं, श्रेणिकभाऊ? तसंच नानासोंकडं जावा. ही पिशवी धरा, कुरडया हायत, मोडतील, हळू न्या. ढलप्याचं काय करायचं ते आमी मागनं कळवतो. — न्हाई, चा नगं आता. निघा तुमी. आमास्नी भांडायचं हाय, आन् तुमच्याम्होरं ते नीट जमायचं न्हाई. फाटक तेवढं ओढून घ्या.